दक्षिण सुदानच्या मदतकार्यात 'यूएन व्हॉलंटियर' म्हणून जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

पूर, दुष्काळ, भूकंप यांत काम केलेली बरीच मुलंमुली महाराष्ट्रात आहेत. त्यातल्या काहींना हेच काम युद्धातून सावरणाऱ्या देशात जाऊन करायचं असतं, पण दार कुठलं ठोठावायचं ते कळत नाही. संयुक्त राष्ट्रांची कायम नोकरी दूर असते. खासगी एजंटकडे गेलात तर पैसे जातात. मधला सरळ रस्ता म्हणजे 'यूएन व्हॉलंटियर्स', म्हणजे यूएनव्ही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली हा कार्यक्रम सुरू केला, मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे आणि कारभार यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या) छत्राखाली चालतो. इथे दक्षिण सुदान हा एकच देश समोर ठेवून लिहितोय, कारण मदतकार्याच्या समन्वयाची जवळजवळ सगळी अंगं तिथे एकत्र पाहायला मिळतात.

आधी तिथली परिस्थिती. ९ जुलै २०११ ला देश स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली. २०१८ च्या सप्टेंबरात शांतता करार झाला, पण ठिकठिकाणच्या चकमकी थांबल्या नाहीत. १५ एप्रिल २०२३ ला शेजारच्या सुदानमध्ये युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेच्या सीमेवरून, मुख्यतः रेंकच्या बाजूने, दहा लाखांहून जास्त माणसं आत आली. त्यात वर्षानुवर्षं न ओसरलेला पूर. बेंतिऊ शहराभोवती मातीचे बांध घालून पाणी अडवावं लागलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानवतावादी आराखड्यात मदतीची गरज असलेल्यांचा आकडा ९३ लाख होता.

एवढ्या पसाऱ्यात मदत करणाऱ्या संस्थांचीही गर्दी असते. म्हणून २००५ पासून 'क्लस्टर' पद्धत आहे. प्रत्येक विषयाला एक आघाडीची संस्था असते: आरोग्याला डब्ल्यूएचओ, पाणी-स्वच्छता आणि पोषणाला युनिसेफ, अन्नसुरक्षेला डब्ल्यूएफपी (जागतिक अन्न कार्यक्रम) आणि एफएओ (अन्न व कृषी संघटना), वाहतुकीला पुन्हा डब्ल्यूएफपी. या सगळ्यांची मोट बांधण्याचं काम 'ओचा' नावाचं कार्यालय करतं. निर्वासितांची बाजू यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची संस्था वेगळी सांभाळते. सगळ्यांच्या वर मानवतावादी समन्वयक असतो, आणि दक्षिण सुदानात तीच व्यक्ती 'अनमिस' या शांतिमोहिमेची उपप्रमुखही असते. या मोहिमेत भारतीय सैनिकही आहेत. २०१३ साली जोंगलेई राज्यात त्यातले काहीजण हल्ल्यांत मारले गेले. जाणाऱ्याला हे ठाऊक असावं.

समन्वयाचं काम म्हणजे सतत बैठका, असा समज आहे. बैठका असतातच. पण कामाचा कणा म्हणजे एक साधी एक्सेल शीट, 'फोर डब्ल्यू': कोण, काय, कुठे, केव्हा. एका ओळीत संस्थेचं नाव, काम, काउंटी, तिच्याखालचं पायाम, त्याखालचा बोमा (आपल्याकडच्या जिल्हा-तालुका-गाव उतरंडीसारखीच ही तिथली उतरंड), किती कुटुंबं, कुठला महिना, काम झालं की चालू आहे. एकाच बोमाचं नाव तीन संस्था तीन स्पेलिंगांनी लिहितात, म्हणून प्रत्येक जागेला एक ठरलेला कोड असतो. तो कोड चुकला की नकाशावर एका ठिकाणी दुप्पट धान्य दिसतं आणि शेजारच्या बोमात शून्य. ही शीट दर महिन्याला संस्थांच्या मागे लागून भरून घेणं, दुबार नोंदी काढणं आणि रिकाम्या जागा बैठकीत दाखवणं हे सहाय्यक समन्वय अधिकाऱ्याचं किंवा माहिती व्यवस्थापकाचं काम. दुसरं मोठं काम हंगामाचं. साधारण मे ते ऑक्टोबर बहुतेक कच्चे रस्ते बंद पडतात, मग मदत होडीने किंवा विमानाने पोचवायची आणि डब्ल्यूएफपीला धान्य आकाशातून टाकायचीही वेळ येते. त्यामुळे कोकणात पावसाआधी आगोट भरतात तसं कोरड्या महिन्यांतच धान्य, औषधं, ताडपत्र्या दूरच्या गोदामांत पोचवाव्या लागतात. कुणाचा ट्रक आधी, कुणाचं गोदाम सामाईक, ही भांडणं मिटवणं हाही समन्वयच.

पात्रता

आंतरराष्ट्रीय यूएनव्हींचे मुख्य गट वय आणि अनुभवावर ठरतात. १८ ते २६ वयाच्यांसाठी 'युथ' गट आहे. त्यात पदवी हवी, अनुभव नसला किंवा थोडाच असला तरी चालतो. २७ वर्षं पूर्ण आणि किमान तीन वर्षांचा संबंधित अनुभव असेल तर 'स्पेशालिस्ट'. ३५ वर्षं पूर्ण आणि १५ वर्षांचा अनुभव असेल तर 'एक्स्पर्ट'. समन्वयाच्या जागा बहुतेक स्पेशालिस्ट गटात निघतात. युथच्या जागा मोजक्या असतात आणि त्यावर जगभरातून उड्या पडतात, त्यामुळे २५ व्या वर्षी अर्ज फसला म्हणून खट्टू होण्यापेक्षा दोन वर्षं इथेच चांगलं काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय पासपोर्टवर दक्षिण सुदानातली आंतरराष्ट्रीय जागा मिळू शकते. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकाला स्वतःच्याच देशात नेमत नाहीत, एवढीच अट. पदवी कुठल्या विषयाची हवी ते त्या-त्या जागेच्या वर्णनात असतं. समाजकार्य, भूगोल, सांख्यिकी, सार्वजनिक आरोग्य, स्थापत्य अभियांत्रिकी, कृषी हे सगळे विषय चालून जातात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं आपत्तीविषयक शिक्षण थेट उपयोगी आहे, पण ते नसलं तर दार बंद होत नाही. इंग्रजी लिहिता-बोलता उत्तम यावं लागतं. जुबा अरबी या तिथल्या बोलीची तोंडओळख असेल तर कामावर फायदा होतो.

अनुभव लिहायचा कसा

आपल्याकडचे अर्ज मार खातात ते इथेच. आपण केलेल्या कामाला काही नाव असतं, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. दुष्काळात चारा छावणीचा हिशेब सांभाळलात? जनावरांची हजेरी, चारा-पाण्याची नोंद, तपासणीला आलेल्या पथकाला रजिस्टर दाखवणं, हे सगळं छावणी व्यवस्थापन आहे. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात तलाठ्याबरोबर पंचनाम्याला फिरलात, तर ते नुकसानीचं सर्वेक्षण. २०२१ मध्ये चिपळूण-महाडला येणाऱ्या ट्रकांची यादी करून 'त्या वाडीत कालच किट पोचली, आज पलीकडे न्या' असं सांगत उभे राहिलात, तर तो समन्वय, आणि तोही उत्तम. प्रोफाइलमध्ये मात्र 'पूरग्रस्तांना मदत केली' एवढंच लिहिलं जातं. निवड करणाऱ्याला त्यातून काय कळणार?

नमुन्यादाखल, आकडे अर्थात तुमचे घाला: 'एका तालुक्यातल्या १२ गावांत काम करणाऱ्या ७ संस्थांच्या याद्या एकत्र केल्या, दुबार नावं वगळली, रोज संध्याकाळी तहसीलदारांच्या बैठकीत कुठल्या गावात काय कमी आहे ते मांडलं.' या एका वाक्यात कुठे, किती, कोणाबरोबर आणि काय साधलं हे सगळं आलं. हे इंग्रजीत लिहायचं, पण 'तलाठी', 'पंचनामा' हे शब्द तसेच ठेवून भागणार नाही. ती काय व्यवस्था आहे ते चार शब्दांत सांगा, कारण वाचणारा नैरोबीचा किंवा मनिलाचा असू शकतो. एक्सेल, कोबो (मोबाइलवर सर्वेक्षण भरायचं साधन), क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) यांपैकी जे खरोखर येतं तेवढंच लिहा. माहिती व्यवस्थापनाच्या जागेसाठी लेखी किंवा प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षाही होऊ शकते आणि तिथे बढाई उघडी पडते.

कागदपत्रं

सुरुवातीला अपलोड करायला फार काही लागत नाही, पण निवड झाल्यावर सगळं एकदम मागतात. तेव्हा धावपळ नको म्हणून हाताशी ठेवा: पासपोर्ट (मुदत भरपूर शिल्लक असलेला), पदवीची प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका, प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र, संदर्भ देणाऱ्या वरिष्ठांचे चालू ईमेल. संस्था बंद पडली असेल किंवा मानधनावर काम केलं असेल तर तेव्हाच्या प्रकल्प प्रमुखाकडून तारखांसकट पत्र घेऊन ठेवा.

नावाची भानगड आपल्याकडे हमखास होते. आपल्या कितीतरी गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आईचं नाव गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. प्रोफाइल पासपोर्टवरच्या नावानेच भरायचं आणि फरक असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद स्कॅन करून ठेवायची. आधार आणि पॅन इथे कामाचे नाहीत.

पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला, तर तो पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, तो धरून चला.

अर्जाची वाट

यूएनव्हीच्या 'युनिफाइड व्हॉलंटियरिंग प्लॅटफॉर्म'वर स्वतःचं खातं उघडायचं, प्रोफाइल पूर्ण भरायचं आणि मग दक्षिण सुदान निवडून खुल्या जागा पाहायच्या. नुसतं प्रोफाइल भरून वाट बघत बसू नका, प्रत्येक जागेला वेगळा अर्ज करावा लागतो. जागेचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. यजमान संस्था कोणती, ठिकाण राजधानी जुबा की मलाकाल, बोर की बेंतिऊ, हे तिथेच असतं आणि त्यावर तुमचं रोजचं जगणं ठरतं. जुबात निदान बाजारहाट आहे. बाहेरच्या तळांवर अनेकदा कुंपणाच्या आत कंटेनरमधली खोली, ठरलेल्या वेळेनंतर बाहेर पडायला मनाई आणि प्रवासाला संयुक्त राष्ट्रांच्या विमानात जागा मिळेल तेव्हा.

छाननीनंतर मुलाखत, बहुधा व्हिडिओवर. प्रश्न 'तुम्ही अमुक वेळी काय केलंत' या धाटणीचे असतात. समजा विचारलं, दोन संस्था एकाच बोमात बियाणं वाटतायत आणि पुढचा बोमा कोरडा आहे, काय कराल? 'दोघांना समजावीन' हे उत्तर पुरेसं नाही. आधी आकडे पडताळणार का, स्थानिक प्रशासनाशी आणि तिथल्या लोकांशी बोलणार का, वाटप हलवल्याने दोन समाजांत वैर पेटेल का याचा विचार करणार का, हे त्यांना ऐकायचं असतं. तिथे कुठल्या गावाला आधी मदत मिळाली यावरूनही तणाव वाढू शकतो. अशी एखादी घटना तुमच्या अनुभवातली असेल तर तीच सांगा.

निवड झाली की संदर्भांची चौकशी, मग देकार (ऑफर), मग वैद्यकीय तपासणी. 'बीसेफ' हे सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते मोफत आहे आणि आधीच करून ठेवता येतं. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, मुंबईत बंदर आरोग्य संघटनेकडे मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ते पिवळं पुस्तक परतीच्या प्रवासातही जवळ बाळगा. नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पैसे, मुदत, घरचे

हा पगार नाही, पण फुकटचं कामही नाही. दरमहा निर्वाहभत्ता, खडतर ठिकाणासाठी जादा रक्कम, सुरुवातीला बस्तान बसवायला एकरकमी पैसे, जाण्या-येण्याचं तिकीट, आयुर्विमा आणि आरोग्य विमा, महिन्याला अडीच दिवस रजा. नेमकी रक्कम देशागणिक बदलते आणि देकारपत्रात असते. करार सहसा वर्षाचा, पुढे वाढू शकणारा. दक्षिण सुदानात कुटुंब सोबत नेता येत नाही, हे घरी आधी बोलून घ्या. ठरावीक आठवड्यांनी विश्रांतीसाठी बाहेर पाठवतात, तो नियम ठिकाणाप्रमाणे ठरतो.

एक कटू गोष्ट. २०२५ मध्ये देणगीदार देशांनी हात आखडता घेतला, ओचाने सुमारे २० टक्के कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर केलं. जागा कमी निघतायत, अनुभवी माणसंही त्याच रांगेत आहेत. म्हणून यूएनव्हीच्याच ऑनलाइन स्वयंसेवेचा पर्याय सोडू नका. १८ पूर्ण झालेल्या कुणालाही घरबसल्या नकाशे, याद्या, भाषांतरं, अहवाल अशी कामं करता येतात. भत्ता नाही, पण प्रोफाइलमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय ओळ येते. कायम जागांची जाहिरात संयुक्त राष्ट्रांच्या करिअर संकेतस्थळावर असते. तिथल्या पी-२ श्रेणीला साधारण पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षं, पी-३ ला पाच वर्षं अनुभव मागतात.

अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, व्हिसा, यांपैकी कशासाठीही संयुक्त राष्ट्रं उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. जीमेलवरून आलेलं नियुक्तीपत्र, व्हॉट्सॲपवर मागितलेली 'सुरक्षा ठेव' किंवा 'मेडिकल फी', अमुक लाखात जुबाची जागा पक्की करून देणारा ओळखीचा माणूस, हे सगळे फसवणुकीचेच प्रकार. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.