ओपिऑइडजन्य मृत्यू आणि बंदुकीचे बळी : अमेरिकी लोकमत

अफूपासून बनवलेल्या किंवा तिच्यासारख्याच गुणधर्मांच्या कृत्रिम वेदनाशामकांच्या (ओपिऑइड) अतिसेवनाने होणारे मृत्यू आणि बंदुकीच्या गोळीने होणारे मृत्यू, या दोहोंकडे पाहण्याच्या अमेरिकी समाजाच्या दृष्टीतील फरक. लोकमताचे अभ्यासक, सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ आणि विधिज्ञ यांनी हा विषय मुख्यतः २०१० नंतर तुलनात्मक अंगाने हाताळला. त्याआधी व्यसन आणि बंदूक यांवरील लेखन वेगवेगळ्या विद्याशाखांत चालत असे.

मृत्युसंख्या व तिची मोजणी : १९९९ मध्ये अमेरिकेत बंदुकीने २८,८७४, तर सर्व प्रकारच्या औषधी व अमली पदार्थांच्या अतिसेवनाने १६,८४९ माणसे दगावली. २०२१ मध्ये हे आकडे अनुक्रमे ४८,८३० आणि १,०६,६९९ होते. दुसऱ्या आकड्यातील ८०,४११ मृत्यूंत ओपिऑइडचा संबंध होता. अतिसेवनाने बंदुकीला मागे कधी टाकले, याचे उत्तर मोजणीच्या व्याख्येवर अवलंबून आहे. सर्व पदार्थांची बेरीज धरल्यास ते वर्ष २००६ येते आणि केवळ ओपिऑइड घेतल्यास २०१६. लोकप्रिय लेखनात या दोन तारखांची सरमिसळ झालेली आढळते.

या आकड्यांचा आधार मृत्यू प्रमाणपत्र हा आहे. त्यावर मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. प्रकारासाठी नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध, अनिर्णित अशा चौकटी असून त्यांपैकी एकीत खूण करावी लागते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अतिसेवनाचे मृत्यू अपघात (एक्स ४० ते एक्स ४४), आत्महत्या (एक्स ६० ते एक्स ६४), हत्या (एक्स ८५) आणि अनिर्णित (वाय १० ते वाय १४) असे विभागले जातात, तर ओपिऑइडची ओळख टी ४० या गटातील उपसंकेतांवरून पटते. बंदुकीसाठी अपघात, आत्महत्या, हत्या, अनिर्णित आणि पोलीस कारवाई अशी स्वतंत्र संकेतमालिका आहे. २०२१ मध्ये बंदुकीच्या बळींपैकी २६,३२८ आत्महत्या, २०,९५८ हत्या आणि अवघे ५४९ अपघात होते. अतिसेवनाच्या मृत्यूंत मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी ‘अपघात’ या चौकटीत पडल्या. दोन्ही संकटांविषयीच्या सार्वजनिक चर्चेतील बरेचसे अंतर या एका चौकटीपाशी सुरू होते.

ही चौकट भरणारा अधिकारी सर्वत्र सारखा नसतो. काही राज्यांत वैद्यकीय पदवीधर मृत्यू-परीक्षक, तर अनेक काउंट्यांत निवडून आलेला कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा स्थानिक अधिकारी) हे काम करतो, आणि त्याला वैद्यकीय शिक्षण असणे बहुधा बंधनकारक नसते. कपाळाशी टेकवून झाडलेल्या गोळीचा हेतू जखमेवरून बराचसा ताडता येतो. रक्तात सापडलेल्या फेंटानिलचा (अतितीव्र कृत्रिम ओपिऑइड) तसा ताडता येत नाही. आत्महत्येची चिठ्ठी नसेल तर नोंद अपघाताकडे झुकते. मेरिलँडने दीर्घकाळ असे मृत्यू मोठ्या प्रमाणावर ‘अनिर्णित’ ठरवले, त्यामुळे त्या राज्याची शेजाऱ्यांशी केलेली तुलना जपून वापरावी लागते. शिवाय २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत अतिसेवनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या प्रमाणपत्रांवर नेमक्या पदार्थाचे नावच नसे. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर रूम यांनी ही उणीव सांख्यिकी पद्धतीने भरून काढली. पेनसिल्व्हेनिया, इंडियाना यांसारख्या राज्यांत ओपिऑइडचे मृत्यू अधिकृत आकड्यांपेक्षा बरेच जास्त असावेत, हा त्यांचा निष्कर्ष आता सामान्यतः ग्राह्य धरला जातो.

साथीच्या उगमाचा वाद : लोकांनी दोष कोणाला दिला हे समजण्यासाठी उगमाचा वाद पाहणे भाग आहे. शासकीय आरोग्ययंत्रणा तीन लाटा मानते : १९९० च्या दशकात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, २०१० च्या सुमारास हेरॉइन आणि २०१३ पासून बेकायदा फेंटानिल. पहिल्या लाटेचे मूळ अनेकजण १० जानेवारी १९८० रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेल्या एका छोट्या पत्राशी नेतात. जेन पोर्टर व हर्शेल जिक यांनी त्यात मादक वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसनाची नोंद आढळल्याचे कळवले होते. ही माहिती रुग्णालयात दाखल रुग्णांची होती. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात अवाक्षरही नव्हते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या गणनेनुसार हे पत्र ६०८ वेळा उद्‌धृत झाले आणि उद्‌धृत करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले. पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या ऑक्सिकॉन्टिन या ओपिऑइड गोळीच्या प्रचारात हाच सूर होता. त्या औषधाची मूळ माहितीपत्रिकाही सावकाश शोषणामुळे गैरवापराची शक्यता घटते ‘असे मानले जाते’ अशी भाषा करत होती.

एका पत्राने साथ आणली असे म्हणणे अतिशयोक्त आहे. वेदनाचिकित्सेची चळवळ, विमा कंपन्यांचे धोरण आणि औषध प्रतिनिधींची जाळी या सर्वांचा त्यात भाग होता. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅन केस व अँगस डीटन यांनी २०१५ मध्ये मध्यमवयीन गौरवर्णीयांच्या वाढत्या मृत्युदराकडे लक्ष वेधले आणि अतिसेवन, दारू व आत्महत्या यांचे मृत्यू ‘वैफल्याचे मृत्यू’ म्हणून एकत्र मांडले. रूम व इतरांनी आर्थिक घसरणीपेक्षा पदार्थाचा पुरवठा व त्याची घातकता यांना अधिक वजन दिले. २०१३ नंतरच्या फेंटानिलच्या काळाला हे दुसरे मत अधिक चांगले लागू पडते.

मवाळपणाची कारणे : १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने क्रॅक (कोकेनचे खड्यांच्या रूपातील प्रकार) व भुकटी कोकेन यांच्या शिक्षेत १०० : १ असे प्रमाण ठेवले होते, म्हणजे एक ग्रॅम क्रॅकला शंभर ग्रॅम भुकटीइतकी शिक्षा होती; २०१० मध्ये ते १८ : १ वर आणले गेले. क्रॅकच्या काळात तुरुंगाची भाषा बोलणारे राजकारणी ओपिऑइडच्या काळात उपचाराची भाषा बोलू लागले. हेलेना हॅन्सन व ज्यूल्स नेदरलँड या संशोधकांच्या मते याचे मुख्य कारण बळींचा वर्ण होय : वृत्तपत्रांनी उपनगरातील गोऱ्या रुग्णाची कहाणी सांगितली आणि शहरातील कृष्णवर्णीयाची अटक छापली. दुसरे मत असे की, डॉक्टरच्या चिठ्ठीतून व्यसन जडल्यामुळे दोषाचा काही भाग आपोआप कंपनीकडे व वैद्यकाकडे गेला. ही दोन मते परस्परविरोधी नाहीत. पण फेंटानिल आल्यावर चिठ्ठीचा संबंध संपूनही उपचाराची भाषा टिकली, त्यावरून पहिल्या मताची बाजू जड दिसते. मवाळपणा शब्दांत जितका आला तितका मनात आला नाही, हेही नोंदवायला हवे. गोळ्यांचे व्यसन जडलेल्या व्यक्तीलाच दोषी धरणारे प्रौढ पाहण्यांत बहुसंख्य आढळले, आणि अशा व्यक्तीला शेजारी किंवा सहकारी म्हणून स्वीकारण्याची तयारी कमीच दिसली.

बंदुकीबाबत मतांची फूट पक्षीय आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत सुमारे ६० टक्के लोकांनी बंदूक-हिंसा ही देशापुढील फार मोठी समस्या मानली. त्यात डेमोक्रॅटिक बाजूचे ८१ टक्के, तर रिपब्लिकन बाजूचे ३८ टक्के होते. अमली पदार्थांच्या व्यसनाला तितक्याच लोकांनी फार मोठी समस्या म्हटले आणि तेथे पक्षीय अंतर किरकोळ होते. अशा मृत्यूंशी परिचयाचा अभाव हे दोन्हींतील या फरकाचे कारण नसावे. केएफएफ संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत पाचपैकी जवळजवळ एकाने कुटुंबातील कोणी बंदुकीने मेल्याचे सांगितले (यात आत्महत्याही आल्या), तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रँड संस्थेच्या अभ्यासात अतिसेवनाने मेलेल्या कोणाला तरी ओळखणारे प्रौढ ४० टक्क्यांहून अधिक निघाले. बंदुकीच्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात याची कल्पना अनेक अमेरिकनांना नसते. सामूहिक गोळीबाराचे बळी एकूण संख्येच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास असूनही चर्चा तेथेच घुटमळते.

कायदा व दायित्व : ओपिऑइडवरचा २०१८ चा सर्वसमावेशक कायदा सेनेटमध्ये ९८ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. सँडी हूक शाळेतील २० बालके व ६ प्रौढांच्या हत्येनंतर, एप्रिल २०१३ मध्ये खरेदीदाराच्या पूर्वइतिहासाच्या तपासणीचा प्रस्ताव ५४ विरुद्ध ४६ मते मिळूनही, कामकाज पुढे नेण्यास लागणारा ६० मतांचा टप्पा न गाठल्याने पडला. टेक्सासमधील युव्हाल्डीच्या शाळेतील गोळीबारानंतर जून २०२२ मध्ये झालेला मर्यादित कायदा सेनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर केला. दुसऱ्या घटनादुरुस्तीने, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालानंतर अधिकच ठामपणे, बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क ठरला आहे. औषधाच्या गोळ्यांच्या डबीला असे घटनात्मक कवच नाही.

दायित्वाच्या बाबतीत तफावत आणखी स्पष्ट आहे. २००५ च्या संघीय कायद्याने शस्त्रनिर्मात्यांना, त्यांच्या मालाने घडलेल्या गुन्ह्यांबद्दलच्या बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले. सँडी हूकच्या कुटुंबांना रेमिंग्टन या बंदूक कंपनीकडून २०२२ मध्ये मिळालेली ७.३ कोटी डॉलरांची तडजोड जाहिरातीविषयीच्या एका अपवादातून निघाली. औषध कंपन्यांना असे संरक्षण नव्हते. पर्ड्यूने २००७ मध्ये दिशाभूल करणाऱ्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला. तीन मोठे औषध वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी २,६०० कोटी डॉलरांची तडजोड स्वीकारली. पर्ड्यूच्या मालक सॅकलर कुटुंबाला दिवाळखोरीच्या आडून मिळणारी दावामुक्ती सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये नाकारली. कोर्टाबाहेरचा रोषही नाव घेऊन झाला. मार्च २०१८ मध्ये छायाचित्रकार नॅन गोल्डिन व त्यांच्या साथीदारांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, डेंडूर मंदिराभोवतीच्या पाण्यात औषधाच्या नारिंगी डब्या फेकल्या. दालनावरचे सॅकलर नाव २०२१ च्या अखेरीस उतरले. बंदूक उद्योगातील एखाद्या घराण्याचे नाव अशा रीतीने लोकांच्या तोंडी आलेले नाही.

संशोधन : १९९६ च्या डिकी दुरुस्तीने रोगनियंत्रण केंद्राला बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी निधी वापरण्यास मनाई केली आणि त्याच सुमारास त्याच्या अंदाजपत्रकातून २६ लाख डॉलर वळवण्यात आले. संशोधनावर थेट बंदी नव्हती, परिणाम मात्र तसाच झाला. २०१९ च्या अखेरीस अमेरिकी संसदेने (काँग्रेस) २.५ कोटी डॉलर मंजूर केल्यावर हे काम पुन्हा सुरू झाले. मधल्या दोन दशकांतील बंदूकविषयक लोकमताची माहिती त्यामुळे बरीचशी खासगी पाहणी संस्थांवर विसंबून आहे. बंदुकीला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटल्यामुळे विवेक मूर्ती यांची सर्जन जनरल या संघीय सरकारच्या प्रमुख आरोग्यपदावरची नेमणूक वर्षभर अडली. व्यसनाविषयी हेच म्हणणाऱ्या त्यांच्या २०१६ च्या अहवालाला तसा विरोध झाला नाही.

शोक व स्मरण : बंदुकीच्या बळींसाठी जूनच्या पहिल्या शुक्रवारी नारिंगी कपडे घालण्याची प्रथा शिकागोतून पसरली. अतिसेवनाच्या बळींचा स्मरणदिन ३१ ऑगस्ट असून त्याची सुरुवात २००१ मध्ये मेलबर्नला झाली. मृत्युलेखांत पूर्वी ‘राहत्या घरी आकस्मिक निधन’ एवढेच छापले जाई. २०१० च्या दशकात अनेक कुटुंबे हेरॉइन किंवा फेंटानिल हा शब्द उघड लिहू लागली. आत्महत्येच्या बंदूकबळींबाबत हा मोकळेपणा तितका आढळत नाही. मूळनिवासी जमातींत अतिसेवनाचा मृत्युदर अलीकडे सर्वाधिक आहे, पण तेथील लोकमताच्या स्वतंत्र पाहण्या फार थोड्या आहेत.

अलीकडील कल : २०२० मध्ये कृष्णवर्णीयांचा अतिसेवन-मृत्युदर गौरवर्णीयांपेक्षा वर गेला. त्याच वर्षी किशोरवयापर्यंतच्या मुलांत (१ ते १९ वर्षे) बंदूक हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बनले. २०२४ मध्ये अतिसेवनाचे मृत्यू सुमारे ८०,००० वर उतरले. ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे, नाकात फवारायचे नॅलोक्झोन २०२३ पासून चिठ्ठीविना मिळू लागले, याला त्याचे काही श्रेय दिले जाते. लोकमत मात्र याच काळात कडक होताना दिसते. ओरेगनने २०२० मध्ये सार्वमताने अल्प प्रमाणातील अमली पदार्थ बाळगणे गुन्ह्यातून वगळले होते. सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरले. फेंटानिलने मूल गमावलेले अनेक पालक त्या मृत्यूला अतिसेवन न म्हणता विषबाधा म्हणतात आणि विक्रेत्यावर मनुष्यवधाचा खटला भरण्याची मागणी करतात. बंदुकीकडेही दोषाची रेषा झाडणाऱ्याच्या पलीकडे सरकली आहे : मिशिगनमधील ऑक्सफर्ड शाळेत २०२१ मध्ये गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना २०२४ मध्ये ज्युरींनी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले.