दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वर्गात सोय आणि दहावीला लेखनिक : अर्ज नेमका कुठे अडतो

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातले कितीतरी पालक हॉल तिकीट आल्यावर लेखनिक, म्हणजे मुलाच्या वतीने पेपर लिहून देणारा माणूस, मागायला धावतात. तोवर वेळ निघून गेलेली असते. दहावीची नोंदणी शाळा करते. लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज मुख्याध्यापकांकडे तेव्हाच द्यायचा. म्हणून कागद नववीतच जमवा.

वर्गातल्या सोयीसाठी थांबायची गरजच नाही. वर्ग तळमजल्यावर घ्या, सोयीचा बाक द्या, एवढा साधा अर्ज पुरतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 हेच सांगतं आणि त्यात 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. टक्के कमी म्हणून पोराला रोज जिना चढायला लावणं चूकच आहे.

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या कार्डाचा अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी दवाखान्यात. त्याआधी आधारवरचं आणि शाळेतलं नाव जुळवून घ्या. मराठी, कन्नड, इंग्रजी असं फिरताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं.

सगळ्यात जास्त अडवतो तो वेगळाच कागद. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (त्या 2025 मध्ये बदलल्या) अंधत्व, दोन्ही हात बाधित किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम) असेल तर मागितल्यावर लेखनिक मिळायचा. एकच हात अधू असेल तर ‘लिहिता येण्यात अडचण आहे’ असं वेगळं प्रमाणपत्र लागायचं, तेही सरकारी दवाखान्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी, सिव्हिल सर्जन किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या जागी चालत नाही. कार्डाच्या तपासणीला जाल तेव्हाच याबद्दल विचारा, नाहीतर पोराला घेऊन पुन्हा खेटे. जादा वेळ त्याच सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं होता. लिहायला अडचण असेल तर केवळ टक्के 40 च्या खाली म्हणून लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलंय.

सीमाभागातली आणखी एक अडचण : उपचार कोल्हापुरात झाले, प्रमाणपत्रही तिकडचंच, आणि टेबलावरून उत्तर येतं, ‘हे महाराष्ट्राचं आहे.’ त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 58 नुसार ते देशभर वैध आहे. कलमाची प्रत सोबत ठेवा आणि नकार लेखी मागा.

मराठी माध्यमाच्या मुलासाठी लेखनिक शोधताना त्याला कन्नड आणि इंग्रजीही नीट लिहिता येतं का, हे आधी पाहा. भाषेच्या पेपरला ऐनवेळी दुसरा माणूस मिळत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय घरी येऊ नका.