टोबॉगन : ओढायच्या गाडीचा शब्द घसरायला कसा लागला

बर्फाच्या उतारावरून गाडीवर बसून सुसाट खाली येणं म्हणजे टोबॉगनिंग. मराठीत आपण घसरगाडी म्हणून मोकळे होतो. पण मूळ शब्दात घसरणं नाही आणि बसणंही नाही. त्यात आहे ते ओढणं.

हा शब्द कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमाक लोकांचा. त्यांची भाषा अल्गाँक्वियन कुळातली, आणि कुळातल्या मूळ रूपाचा अर्थ ‘दोरीने ओढायची वस्तू’ असा लावतात. फ्रेंच वसाहतीत त्याचं ‘ताबागान’ झालं. १७व्या शतकाच्या अखेरीस ते लिखाणात दिसतं. इंग्रजीत शब्द रुळला तो १९व्या शतकात. याच कुळातल्या ओजिब्वे भाषेत ओढगाडीला ‘ओदाबान’ म्हणतात आणि आज मोटारीलाही तोच शब्द चालतो. टोबॉगनला मात्र ‘नबगिदाबान’, म्हणजे चपटी ओढगाडी.

तिचं सगळं मर्म या चपटेपणात आहे. जंगलातला बर्फ भुसभुशीत आणि खोल असतो. खाली लावलेल्या दोन अरुंद, लांब पट्ट्यांवर उभी असलेली गाडी त्यात रुतते, सपाट फळी तरंगते. म्हणून टोबॉगनला खाली पट्ट्या नसतात. बर्च किंवा टॅमरॅक या झाडांच्या जेमतेम सेंटिमीटरभर जाडीच्या दोन-तीन फळ्या शेजारीशेजारी ठेवून वरून आडव्या काठ्यांना कच्च्या चामड्याच्या वादीने बांधायच्या. लांबी दोन-तीन मीटर, रुंदी मात्र दीड फुटाच्या आतच. हिमपादुका घालून पुढे चालणाऱ्याने तुडवलेल्या वाटेत ती मावली पाहिजे. फळीच्या तळाशी वादी खाचेत बसवतात, नाहीतर घासून तुटते. टोक वाफेवर मऊ करून वर वळवायचं आणि बांधून सुकू द्यायचं. सुकलेलं लाकूड घाईने वाकवलं तर तडकतं, बांधलेलं टोक लवकर सोडलं तर पुन्हा सरळ होतं. ओझं पुढे जास्त झालं की नाक बर्फात घुसतं. आर्क्टिकमध्ये बर्फ टणक, म्हणून तिथल्या इन्युइट लोकांची कामुतिक ही गाडी मात्र पट्ट्यांवरच चालते.

गंमत म्हणून उतारावर बसायची लाट १९व्या शतकातली. क्यूबेक शहरातल्या डफरिन टेरेसची लाकडी घसरण १८८४पासूनची. साधारण त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हिवाळा काढायला आलेल्या इंग्रज पाहुण्यांनी हा शब्द तिथल्या गाड्यांना चिकटवला. सेंट मॉरिट्झचा क्रेस्टा रन हा बर्फाचा घसरमार्ग १८८४-८५च्या हिवाळ्यात बांधला गेला आणि आजही दर हिवाळ्यात तो नव्याने रचावा लागतो. तिथे उताणं नव्हे तर पालथं, डोकं पुढे करून जातात. तिथल्या गाडीला लोखंडी पट्ट्या आहेत, तरी तो मार्ग चालवणाऱ्या क्लबाच्या नावात ‘टोबॉगनिंग’! मिकमाक सुताराने तिला आपल्या शब्दाने हाक मारली नसती.

घसरगाडीचा दुसरा शब्द म्हणजे ल्यूज, तो आल्प्समधल्या फ्रेंच बोलीतला. १९६४च्या इन्सब्रुकपासून तो ऑलिंपिक खेळाचा झाला. त्यात खेळाडू उताणा, पाय पुढे. गाडीला सुकाणू नाही, पोटऱ्यांनी पट्टीवर दाब देऊन वळवायची. मनालीजवळच्या शिवा केशवन यांनी १९९८ ते २०१८ अशी सहा ऑलिंपिकं या खेळात केली. सरावासाठी ते चाकं लावलेली गाडी डोंगरातल्या रस्त्यांवर पळवत.

स्पॅनिशमध्ये तर बर्फही गळून पडला. तिथे ‘तोबोगान’ म्हणजे बागेतली घसरगुंडी.

गुलमर्गला गेलेल्या मराठी पर्यटकांना लाकडी स्लेज ठाऊक असते. पर्यटक बसतो, स्लेजवाला दोरी कमरेला किंवा खांद्याला लावून चढावर ओढतो, मग तो पुढे बसतो आणि दोघं खाली येतात. तिला कुणी टोबॉगन म्हणत नाही. पण चढतानाचा तो अर्धा भाग शब्दाच्या जुन्या अर्थाला क्रेस्टा रनपेक्षा जवळचा आहे.