गप्प वर्ग आणि आपला वाटणारा वर्ग

"आमचा तिसरीचा वर्ग इतका गुणी, की टाचणी पडली तरी ऐकू येते." बडोद्यातल्या पालकसभांत हे हमखास ऐकू येतं. आईबाबा खूश होतात. मला मात्र वाटतं, बाई पाच मिनिटं ऑफिसात गेल्या की काय होत असेल?

गप्प वर्ग नजरेच्या धाकावर चालतो. मारणं आणि मानसिक छळ शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नं बंद केले. छडी गेली, तिच्या जागी भिंतीवर चांगल्या वागण्याच्या चांदण्यांचा तक्ता आला. नातीच्या वर्गात शेजारच्या मुलाचा डबा सांडला. हिनं खाली बसून थेपले गोळा केले, स्वतःच्या डब्यातले दोन त्याला दिले. घरी आल्यावर पहिलं वाक्य: "आजी, बाईंनी बघितलंच नाही, चांदणी बुडाली!" मदत मनापासून होती, पण हिशेब तक्त्याचा.

आपला वाटणारा वर्ग जरा गोंगाटाचाच. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात सॅन रेमोनच्या प्राथमिक शाळांत असे वर्ग मुद्दाम घडवले गेले. तिथे बक्षिसांवर भर नव्हता. मुलं गोल करून बसत, नियम मिळून ठरवत. मोठ्या वर्गातल्याची जोडी लहान वर्गातल्याशी लावत. घरी आईवडिलांशी बोलून यायचं, ते वर्गात सांगायचं.

आपल्याकडे हे शेवटचं तर फारच जमेल. घरी मराठी, ओट्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. दांडिया बाजारातलं पोर आजीची गोष्ट घेऊन वर्गात उभं राहिलं, की त्याची मराठी तिथे परकी उरत नाही. नियमांचंही तसंच. पाण्याच्या नळापाशी ढकलाढकली होते, तर बाईंनी रांग लावण्याऐवजी मुलांना विचारावं. एखादी बुटकी मुलगी सांगेल, "नळ उंच आहे, म्हणून आम्हाला वेळ लागतो." हे मोठ्यांच्या ध्यानातच आलेलं नसतं.

आता याला कुणी लाड म्हणेल. लाडात मुलाला काही करावं लागत नाही. इथे ज्याला ढकललं त्याच्याशी बोलून मिटवावं लागतं. कान धरून उभं राहण्यापेक्षा ते कितीतरी अवघड.

सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1893मध्ये अमरेलीत सुरू केलं, 1906मध्ये बडोदा संस्थानभर. मूल शाळेत आणायला कायदा पुरतो, वर्ग आपला वाटायला पुरत नाही.

परवा सभेत मी बाईंना विचारलं, "नवीन आलेला मुलगा डबा कुणाबरोबर खातो?" त्यांनी हजेरीची वही उघडली.