उपासनेतील परंपरा व बदल : सोलापूरची मराठी ख्रिस्ती मंडळी

रविवारची उपासना, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी), बाप्तिस्मा आणि विवाह यांत जुने काय राखायचे, नवे काय घ्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, यासंबंधीची मंडळीची, म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणाऱ्या ख्रिस्ती समुदायाची, वहिवाट. सोलापुरात हा प्रश्न सर्वांत जास्त गाण्यांवरून निघतो, म्हणून या नोंदीत गायनाला अधिक जागा दिली आहे.

येथील प्रॉटेस्टंट मंडळीची घडण मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून झाली. हे मिशन 1813 मध्ये मुंबईत आले, 1831 मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात स्थिरावले. ते काँग्रिगेशनल विचाराचे होते, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा या मताचे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. या परंपरेतील बऱ्याच मंडळ्या तीत गेल्या, आणि बिशप व धर्मप्रांत ही रचना आली. तरी ‘आमचे आम्ही ठरवू’ ही जुनी सवय वार्षिक सभेत आजही जाणवते, आणि ती मंडळीची ताकदच आहे.

ज्याला आज जुने म्हणतात त्यात दोन थर आहेत. एक पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा, दुसरा ओवी, अभंग व भजनांचा. दुसरा थर मुख्यतः नारायण वामन टिळक (1861–1919) यांचा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ती भक्तीला वारकरी वळणाची मराठी दिली. पेटी, तबला, टाळ घेऊन चर्चमध्ये भजन म्हणणे हे त्या काळी नवेच होते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात हे दोन्ही थर शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे ‘परंपरा म्हणजे ऑर्गन’ किंवा ‘परंपरा म्हणजे भजन’ असे कोणतेही एकच उत्तर अपुरे पडते.

आता तिसरा थर आला आहे : गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (ताल वाजवण्याचे इलेक्ट्रॉनिक वाद्य) आणि मोबाइलवर ऐकलेली स्तुतिगीते. यात बिघाड होतो तो बहुधा पट्टी आणि ठेक्यात. मूळ गायकाच्या पट्टीत गाणे उचलले की तार सप्तकात मंडळी गळते आणि पुढे उभे असलेले चारपाच जणच गात राहतात. स्त्री-पुरुष एकत्र गाणार असतील तर सर्वांत वरचा स्वर तार सप्तकातल्या सफेद 2 च्या (पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) पुढे जाणार नाही, अशी पट्टी धरावी. ठेक्याचेही तसेच. तीन-तीनच्या वजनाची जुनी चाल 6 मात्रांच्या दादऱ्यात सहज बसते. ऑक्टोपॅडवर तयार असलेला 8 मात्रांचा केरवा तिच्यावर लादला की शब्द ओढले जातात आणि वृद्धांचा श्वास पुरत नाही. उलट अभंगाला भजनी ठेका सोडून संथ ऑर्गन दिला तर तो निर्जीव होतो. वाद्य नवे असल्याने नुकसान होत नाही. चाल न ओळखता ते वाजवले की होते.

नवे गीत रुजवण्याची चांगली रीत अशी : एका उपासनेत एकच नवे गीत, उपासनेपूर्वी दहा मिनिटे ध्रुवपदाचा सराव, मग सलग तीन-चार रविवार तेच गीत. अर्पणाच्या वेळी ते घेऊ नये. लोक खिशात, पिशवीत हात घालत असतात आणि गाणे तुटते. शब्द आधी पाळकांनी (मंडळीच्या धर्मोपदेशकांनी) वाचावेत. केवळ ‘मी, माझे, मला’ अशा गीतांनीच उपासना भरली तर पापांगीकार (पापांची कबुली) आणि इतरांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना आक्रसते.

पडद्यावर शब्द दाखवताना एका वेळी चार ओळी पुरेत, आणि गीताचा पुस्तकातला क्रमांकही द्यावा. तो गेला की पुस्तक घरातून जाते, आणि पुस्तकाबरोबर संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेतले गाणेही. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबेही आहेत. एखादे कडवे किंवा शास्त्रपाठ त्या भाषेत घेतला तर त्यांना आपलेपणा वाटतो. सगळी उपासना दोनदोनदा म्हटली तर मात्र सर्वच कंटाळतात.

प्रभुभोजनात बदल जपून होतो. अनेक ठिकाणी एका प्याल्याऐवजी छोटे पेले वापरतात, आणि 2020 च्या साथीनंतर त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. सुमारे 15 मिलीचा पेला धरला तर शंभर जणांना दीड लिटर रस लागतो. अर्धा किलो काळ्या मनुका धुऊन दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवतात, वीसेक मिनिटे उकळून, कुस्करून गाळतात. रस शुक्रवारी करून बाहेर ठेवला तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात रविवारपर्यंत आंबतो. शनिवारी संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवावा.

बाप्तिस्म्याबाबत 1970 च्या एकीकरणाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या : बालबाप्तिस्मा व पुढे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी), किंवा बाळाचे समर्पण आणि कळत्या वयात विश्वासाने बाप्तिस्मा. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा मात्र नाही. स्वतंत्र संगतींत (कोणत्याही मोठ्या चर्चसंस्थेत नसलेल्या ख्रिस्ती गटांत) जाऊन आलेली तरुण मुले याच मुद्द्यावर अडतात. तेव्हा लहानपणीची नोंदवहीतली नोंद दाखवून नुसते थांबू नये, दृढीकरणाचा वर्ग नीट घ्यावा.

कॅथलिकांमध्ये (सोलापूर पुणे धर्मप्रांतात येते) बदलाची वाट वरून, म्हणजे चर्चच्या अधिकाऱ्यांकडून, उघडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लोकभाषेला जागा दिली, आणि 1969 मध्ये भारतासाठी मान्य झालेल्या बारा मुद्द्यांत नमस्कार, तेलाचा दिवा, आरती, शाल यांचा समावेश होता.

लग्नात हळद, मंगळसूत्रात क्रूस, पांढरी साडी, मिरवणूक हे सारे घरोघरी चालते आणि त्यावर भांडण्याचे कारण नाही. वेळ मात्र पाळावी लागते. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विधी सर्वसाधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच करता येतो; कॅथलिक धर्मगुरू अशा काहींनाच त्यात सूट आहे. मिरवणूक लांबली की पाळकांना विधी घाईने उरकावा लागतो, म्हणून जाणत्या मंडळ्या पत्रिका छापण्याआधीच चर्चमध्ये पोहोचण्याची वेळ दोन्ही घरांकडून लिहून घेतात.