१८ गेज म्हणजे किती? एसडब्ल्यूजी, एडब्ल्यूजी आणि गेजचे बाकीचे अर्थ

मोटर वाइंडिंगच्या सामानाच्या दुकानात १८ गेज मागितलं की १.२२ मिमी व्यासाची तार मिळते. हाच आकडा एखाद्या अमेरिकी स्पीकरच्या माहितीपत्रकात असेल, तर ती तार १.०२ मिमीची असते. दोन्ही बरोबर. पहिलं गेज एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज), म्हणजे ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर झालेलं आणि आपल्याकडे तिथूनच आलेलं माप. दुसरं एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज), म्हणजे अमेरिकी.

व्यासातला फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो. पण रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ठरतो तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, आणि ते आहे १.१७ विरुद्ध ०.८२ चौरस मिमी. म्हणजे एसडब्ल्यूजीच्या तारेत तांबं ४२ टक्के जास्त.

व्यास मिमीमध्ये, आधी एसडब्ल्यूजी, मग एडब्ल्यूजी:

१४ गेज: २.०३ / १.६३
१६ गेज: १.६३ / १.२९
१८ गेज: १.२२ / १.०२
२० गेज: ०.९१ / ०.८१
२२ गेज: ०.७१ / ०.६४
२४ गेज: ०.५६ / ०.५१

१६ एसडब्ल्यूजी आणि १४ एडब्ल्यूजी जवळजवळ सारखेच, हे यात दिसतंच. त्यावरून काही जण ‘दोन वजा करा’ असा सोपा नियम काढतात. तो पुढे टिकत नाही: २० एसडब्ल्यूजीची जोडी १९ एडब्ल्यूजीशी जमते. एडब्ल्यूजी एका ठरावीक गुणोत्तराने उतरतं. सहा आकडे पुढे गेलं की व्यास निम्मा, तीन आकडे पुढे गेलं की क्षेत्रफळ निम्मं. एसडब्ल्यूजीला असं एकच गुणोत्तर नाही, त्यामुळे तक्ता जवळ ठेवावाच लागतो. आकडा वाढला की तार बारीक, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं. तार एकामागून एक लहान होत जाणाऱ्या भोकांतून खेचून बारीक करतात; मुळात हा आकडा त्या खेचण्यांच्या क्रमाचा.

रिवाइंडिंग करताना, म्हणजे मोटरची जुनी तार काढून नवी गुंडाळताना, जुनी तार मोजायची तर आधी तिच्यावरचा इनॅमलचा विद्युतरोधक थर काढा. इनॅमलसकट मोजलेली तार जवळपास एक गेज जाड वाटू शकते. चाकूने खरवडू नका, तांबंही निघतं. टोक काडीने जाळून फडक्याने पुसा आणि मायक्रोमीटर दोन-तीन ठिकाणी लावा. स्लॉटमधून (मोटरच्या लोखंडी गाभ्यातल्या, तार बसवायच्या खाचेतून) ओढून काढलेला तुकडा ताणला जाऊन बारीक झालेला असतो, तो मोजायला घेऊ नका. २० च्या जागी २१ गेज भरलं तर स्लॉटमध्ये वेटोळी आरामात बसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण क्षेत्रफळ ०.६६ वरून ०.५२ चौरस मिमीवर येतं, रोध साधारण सव्वापट होतो आणि मोटर लोडवर तापते.

घरच्या वायरिंगमधलं ‘सात-वीस’ हेही एसडब्ल्यूजीच: २० गेजच्या सात तारा, मिळून ४.६ चौरस मिमी. तिथे नवी ४ चौरस मिमीची वायर टाकली तर ती मूळ वायरपेक्षा कमीच भरते.

मोबाइलच्या यूएसबी केबलवर मात्र एडब्ल्यूजी छापलेलं असतं. डेटाच्या तारा २८ आणि विजेच्या २४, ही चांगली केबल. विजेलाही २८ च वापरली असेल, तर एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन रोध सुमारे ०.४३ ओहम होतो. २ अँपिअरला ०.८५ व्होल्ट वाटेतच जातात, ५ पैकी ४.१५ उरतात आणि चार्जिंग रेंगाळतं. २४ च्या तारेत ०.३४ व्होल्टच जातात. अशा वेळी लोक चार्जर बदलत बसतात.

पत्र्यात गोंधळ आणखी वाढतो, कारण अमेरिकी पद्धतीत धातूप्रमाणे गेज बदलतं. १८ गेजचा साधा पोलादी पत्रा १.२१ मिमी, गॅल्व्हनाइज्ड १.३१, स्टेनलेस १.२७ आणि ॲल्युमिनियमचा १.०२. ऑर्डर देताना गेज लिहूच नका. मिमी लिहा, आणि रंगीत छपराचा पत्रा असेल तर जाडी कोटिंगसकट की कोटिंगशिवाय हेही लिहा. साध्या पोलादी पत्र्याची जाडी वजनावरून तपासता येते: १ मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे ७.८५ किलो. ८ बाय ४ फुटांचा १.२२ मिमीचा पत्रा २८.५ किलोच्या आसपास भरला पाहिजे. काट्यावर २३.४ आले, तर तो १ मिमीचा आहे.

रेल्वेचं गेज या आकड्यांच्या वंशातलं नव्हे. ते सरळ अंतर आहे, रुळांच्या आतल्या कडांमधलं: मुंबईच्या लोकलचं १६७६ मिमी, पुणे मेट्रोचं १४३५, माथेरानच्या गाडीचं ६१०. इथे आकडा वाढला की माप खरोखरच वाढतं.

सिनेमाच्या फिल्मचं गेजही असंच, पट्टीची रुंदी: ३५, १६, ८ मिमी. पण इथे दोन नावं फसवतात. साधी ८ आणि सुपर ८, दोन्हींची रुंदी ८ मिमीच. साध्या ८ ची फिल्म कॅमेऱ्यात १६ मिमीची असते. अर्धी बाजू चित्रित झाली की रीळ उलटून दुसरी करतात आणि प्रयोगशाळेत ती मधोमध कापतात. सुपर ८ कोडॅकने १९६५ मध्ये आणली. तिची कडेची भोकं (ज्यांत प्रोजेक्टरचे दाते अडकतात) लहान केल्यामुळे चित्राला जास्त जागा मिळाली. म्हणून घरात जुनी रिळं सापडली तर फूटपट्टी लावून काही कळत नाही, भोकं बघा. साध्या ८ ची भोकं मोठी आणि दोन चित्रांमधल्या रेघेसमोर असतात, सुपर ८ ची लहान आणि चित्राच्या मध्यासमोर. एका प्रकारच्या प्रोजेक्टरमध्ये दुसऱ्या प्रकारची फिल्म घातली तर दाते भोकांत नीट बसत नाहीत आणि जुनी, ठिसूळ झालेली फिल्म फाटते.