पिकअप, हवा आणि ऐंशी सेंटिमीटर

18 फेब्रुवारी 2011 ची रात्र. अमेरिकेतल्या फ्लोरिडात, डेटोनाच्या ट्रॅकवर पिकअप ट्रकची शर्यत शेवटच्या फेरीत आली होती. एलियट सॅडलर पुढे होता आणि मायकेल वॉल्ट्रिप त्याच्या मागे. वॉल्ट्रिपच्या ट्रकच्या मागच्या टोकाला स्पॉयलर नावाची एक पट्टी उभी होती. ती एका बाजूने मोडून खाली झुकली. गाडीचा एखादा भाग मोडला की गाडी मागे पडते, असा आपला रोजचा अनुभव. इथे वॉल्ट्रिपने सॅडलरला गाठलं, ओलांडलं आणि शर्यत जिंकली. मोडकी गाडी जास्त पळाली कशी?

आधी ही शर्यत काय आहे ते पाहू. नॅसकार ही अमेरिकेतली मोटार शर्यती भरवणारी मोठी संस्था. तिची ट्रक मालिका 1995 साली सुरू झाली आणि 2000 पासून दर फेब्रुवारीत हंगामाचा नारळ डेटोनालाच फुटतो. शर्यत सहसा शुक्रवारी रात्री असते, त्यामुळे आपल्याकडे शनिवार उजाडत असतो. एक फेरी चार किलोमीटरची, अशा शंभर फेऱ्या. ट्रक म्हटल्यावर दहाचाकी डोळ्यांपुढे आणू नका. हे पिकअप आहेत, आपल्या गावाकडे भाजी आणि सिमेंट वाहतात त्या जातीचे. फक्त हौदा वरून झाकलेला, आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन आणि वजन साधारण दीड टन. वेग ताशी 290 किलोमीटरच्या आसपास.

एवढ्या वेगात वळण घेता येतं ते ट्रॅकच्या कलामुळे. जत्रेत ‘मौत का कुआ’ पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. लाकडी भिंतीवर आडवा झालेला मोटारसायकलवाला खाली पडत नाही, कारण भिंत त्याला सतत आत ढकलत असते. डेटोनाची वळणं 31 अंशांनी तिरपी आहेत. 1959 साली सुरू झालेल्या या ट्रॅकसाठी मधल्याच जागेतली माती उपसून हे चढ रचले. मागे जो खड्डा उरला त्यात पाणी भरलं आणि तळं झालं. ते आजही ट्रॅकच्या पोटात आहे.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वळणाची त्रिज्या सुमारे 300 मीटर. सपाट रस्त्यावर ताशी 290 च्या वेगाने असं वळण घ्यायचं, तर टायरना गाडीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोराने रस्ता धरून ठेवावा लागेल. साध्या टायरच्या आवाक्यातली ही गोष्टच नाही. तिरप्या रस्त्यावर मात्र त्यातलं बरंचसं काम रस्ताच करतो. रस्त्यावर गाडीचा जेवढा दाब पडतो, त्याच्या जेमतेम सत्तर टक्के पकड पुरते. ताशी दीडशेच्या आसपास तर पकडीची गरजच उरत नाही, निव्वळ कलावर गाडी वळते. याची किंमत चालकाचं शरीर मोजतं. वळणात तो आसनात जवळपास दुप्पट वजनाने दाबला जातो. सत्तर किलोच्या माणसाला आपण एकशे चाळीस किलोचे झालो असं वाटतं, आणि प्रत्येक फेरीत, पुन्हा पुन्हा.

वळणं अशी सुटली की चालक पाय ॲक्सिलरेटरवरून काढतच नाही. मग पुढे जायचं कसं? सगळ्यांचाच पाय तळाला टेकलेला. शिवाय अशा ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा मुद्दाम कमी केलेली असते. 1987 मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बॉबी ॲलिसनची मोटार हवेत उडून प्रेक्षकांपुढच्या कुंपणात घुसली आणि प्रेक्षक जखमी झाले. पुढच्याच वर्षापासून नॅसकारने डेटोना आणि टॅलाडेगाला मोटारींच्या इंजिनांचा श्वास रोखायला सुरुवात केली. ट्रकनाही तोच न्याय. थोडक्यात, इंजिनाच्या जोरावर इथे कुणाला फारसं पुढे पळता येत नाही. उरते ती हवा.

हायवेवर दुचाकी चालवताना मोठा कंटेनर बाजूने गेला की काय होतं ते आठवा. आधी एक धक्का बसतो, गाडी कडेला ढकलली जाते. मग कंटेनर पुढे सरकतो आणि आपण त्याच्याकडे ओढले जातो. पुढची बाजू हवेला रेटते, म्हणून तिथे दाब वाढतो. मागे हवा वेळेवर भरून येत नाही, म्हणून तिथे दाब कमी. पुढून रेटा आणि मागून ओढ, हा सगळा हवेचा रोध. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. त्याच्याशी झगडायला लागणारी शक्ती तर आठपट. म्हणूनच वेगात नुसती दहा टक्के भर घालायची तरी एक तृतीयांश शक्ती जास्त लागते.

आता पिकअपचा आकार बघा. मोटारीपेक्षा उंच, केबिन संपली की एकदम पायरी, आणि शेवटी सरळ उभा फाळका. हवा कापायच्या दृष्टीने वाईटच. पण याच वाईटपणातून शर्यतीतली सगळी रंगत येते. ट्रकमागे विरळ, घुसळलेल्या हवेची मोठी पोकळी तयार होते. तिच्यात शिरणाऱ्या मागच्या ट्रकला पुढून कमी रोध लागतो. याला ड्राफ्टिंग म्हणतात, सायकल शर्यतीतले स्वार एकमेकांच्या चाकाला चिकटून जातात ते याचसाठी. मला याहून सुंदर वाटते ती दुसरी बाजू. मागचा ट्रक अगदी जवळ आला की पुढच्याच्या फाळक्यामागची पोकळी भरून निघते, त्याला मागे खेचणारी ओढ घटते, आणि मागच्याबरोबर पुढचाही वेग वाढतो. दोघे मिळून एकट्या ट्रकपेक्षा जोरात पळतात. ज्याला हरवायचं, त्याचीच मदत घ्यावी लागते. एकटा पडलेला कितीही कुशल असो, मागेच जातो.

हीच हवा शस्त्रही होते. चालक शेजारच्या ट्रकच्या मागच्या चाकापाशी आपलं नाक नेतो. त्याच्या नाकावरून सरकलेली हवा शेजाऱ्याच्या स्पॉयलरवर जाऊन आपटते आणि शेजारी मंदावतो. स्पर्श झालेला नसतो, पण ब्रेक लागल्यासारखं होतं. उलट कुणी फार जवळून मागे चिकटला, तर पुढच्याच्या स्पॉयलरवरची हवा नाहीशी होते, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर असल्याने एकाची गिरकी म्हणजे दहा-पंधरा जणांचा चुराडा. 2000 साली डेटोनातल्या पहिल्याच ट्रक शर्यतीत जेफ बोडाइनचा ट्रक प्रेक्षकांपुढच्या कुंपणावर आदळून पेटला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. त्या ढिगाऱ्यातून तो जिवंत निघाला आणि त्याच वर्षी पुन्हा शर्यतीत उतरला. ती दृश्यं पाहिली की पोलादी नळ्यांचा तो सांगाडा आखणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात.

आता वॉल्ट्रिपच्या पट्टीकडे वळू. स्पॉयलर हवेला अडवतो. त्यामुळे ट्रकचा मागचा भाग खाली दाबला जाऊन पकड वाढते, पण रोधही वाढतो. पट्टी झुकली तसा रोध घटला. पकडही घटली असणार, पण उरलेल्या थोड्या अंतरापुरती ती बेताची असूनही भागली. सॅडलरच्या मागच्या पोकळीची ओढ होतीच, तिच्यात ही भर पडली. म्हणून शर्यतीनंतर तपासनीस ट्रकची मागची उंचीसुद्धा मोजतात. मागचा भाग खाली बसला की तेवढाच स्पॉयलर वाऱ्याच्या आडोशाला जातो. 2025 मध्ये पार्कर क्लिगरमनने सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडली, जल्लोष झाला, आणि तपासणीत त्याचा ट्रक मागून नियमापेक्षा बुटका भरला. विजय कोरी हाइमच्या नावे लागला.

हवा सगळ्यांना जवळजवळ एकाच पातळीवर आणते, म्हणून शेवट अटीतटीचे होतात. 2020 मध्ये ग्रँट एनफिंगर आणि जॉर्डन अँडरसन एकमेकांना घासत रेषेपाशी पोचले. एनफिंगर 0.010 सेकंदाने जिंकला. ताशी 290 च्या हिशेबाने हे अंतर ऐंशी सेंटिमीटर भरतं, म्हणजे घरातल्या दाराची रुंदी. अँडरसन स्वतःचा छोटा संघ स्वतःच चालवायचा आणि ट्रकही स्वतःच पळवायचा. बड्या संघांच्या रांगेत शिरायला त्याला पुढच्या ट्रकमागची पोकळी पुरली होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, पुन्हा शेवटच्या सरळ रस्त्यावर आघाडीला भिडला, आणि बेन ऱ्होड्सच्या मागे 0.036 सेकंदाने दुसरा आला.